संख्येचें कुलूप

चाकणचा टपाल क्रमांक ४१०५०१. त्याचे अवयव पाडले असतां सात, तेरा, पुन्हां तेरा आणि तीनशें सत्तेचाळीस या चार मूळ संख्या हातीं येतात. चिंचवडगांवचा ४११०३३ हा क्रमांक तीन, सात, दोनदां तेवीस आणि सदतीस असा फुटतो. हुशार विद्यार्थ्यास हें काम घटकाभराचें.

परंतु संख्या वाढली कीं गुणाकार सोपाच राहतो. अवयव शोधणें मात्र दुर्घट होतें. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक ही २१ आंकडी संख्या. ती मूळ संख्या नव्हे, हें ल्युका यानें १८७६ मध्यें सिद्ध केलें. पण तिचे अवयव १९०३ मध्यें न्यूयॉर्कच्या सभेंत कोल या गणितज्ञानें मांडले, तेव्हांच कळले. तीन वर्षांचे रविवार त्यापायीं खर्ची पडले, अशी आख्यायिका आहे.

या दुर्घटतेचेंच कुलूप १९७७ मध्यें रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रयीनें घडविलें. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. त्या दोन संख्या गुप्त ठेवावयाच्या. कुलूप कोणीहि लावावें. उघडण्यास अवयव ठाऊक हवेत. चाकणच्या कामगाराचा पगार बँकेंत जमा होतो, घरचा व्यवहार दूरध्वनीवरून चालतो, त्या सर्वांच्या रक्षणांत या युक्तीचा मोठा वाटा आहे.

पण कुलूप अभेद्य आहे काय? त्या त्रयीनें त्याच वर्षीं १२९ आंकडी संख्या आव्हान म्हणून दिली. ती फोडण्यास कोट्यवधि वर्षें लागतील, असा अजमास होता. १९९४ मध्यें सुमारें सहाशें स्वयंसेवकांच्या संगणकांनीं ती आठ महिन्यांत फोडली. २०२० मध्यें २५० आंकडी संख्या फुटली. म्हणून व्यवहारांत आतां सुमारें ६१७ आंकडी संख्या योजतात.

अवयव झटपट पाडण्याची रीति असूंच शकत नाहीं, असें कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. उलट क्वांटम यंत्रावर तें साधेल, हें शोर यानें १९९४ मध्यें दाखविलें. तेवढें समर्थ यंत्र अद्यापि उभें राहिलेलें नाहीं. तथापि आज चोरून साठविलेला मजकूर त्या दिवशीं उघडतां येईल. यास्तव अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २०२४ मध्यें निराळ्या गणितावर आधारलेल्या कुलुपांचे नियम प्रसिद्ध केले.

श्रमाची मिळकत आपल्या ज्ञानाच्या बळावर सुरक्षित आहे, असें आपण समजतों. वस्तुतः ती एका न सुटलेल्या कोड्याच्या आश्रयास आहे. कोडें सुटण्यापूर्वीं कुलूप बदलणें, यांतच शहाणपण आहे.