घरातील गॅस : वापर आणि वार्षिक निगा



विस्तवाशी आपली ओळख फार जुनी आहे. चुलीपुढे बसून वाढलेल्या माणसाला विस्तव कधी कोणी पाटीवर शिकवला नाही. ओले लाकूड धुमसते, सुके भडकते, निखाऱ्यावर राख ओढली की तो सकाळपर्यंत टिकतो, आणि वारा सुटला असेल तर गवताच्या गंजीजवळ काडी ओढायची नाही. ही सारी विद्या आईकडून मुलीकडे आपोआप येत गेली. चुलीचा विस्तव त्रासदायक खरा, पण त्याचा कारभार उघड असतो. धूर डोळ्यांना झोंबतो, ठिणगी उडताना दिसते.

आता घरोघर गॅस आला आहे. शहरात तो पूर्वीच आला होता. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच टाकी आली. बायकांच्या डोळ्यांतले पाणी आणि छातीतला खोकला त्याने कमी केला. तेव्हा गॅस चांगला की वाईट, हा आजचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की या नव्या विस्तवाची विद्या आपल्या आजीजवळ नव्हती, म्हणून ती वारशाने आपल्याला मिळालेली नाही. ती मुद्दाम शिकून घ्यावी लागते. मी इतिहास शिकवतो. यंत्रे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय नव्हे. पण ही विद्या अवघड नाही, आणि तिचे दोन-चार नियम सगळ्यांना समजण्यासारखे आहेत.

गॅसपासून धोके दोन. न जळलेला गॅस घरात साठणे हा पहिला, आणि गॅस जळत असताना त्याला हवा कमी पडणे हा दुसरा. हे दोन्ही वेगवेगळे आहेत, आणि त्यांची राखण करणारेही वेगवेगळे आहेत.

पहिला धोका आधी पाहू. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. घरगुती टाकीत असा १४.२ किलो माल असतो. हा पातळ गॅस बाहेर पडला की फुगतो. एक लिटरचे सुमारे अडीचशे लिटर होतात. आणि हा वायू हवेपेक्षा जड आहे. धूर वर जातो, तसा हा जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखा तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, खाटेखाली, कोपऱ्यात जाऊन बसतो. शंभर भाग मिश्रणात दोन ते नऊ भाग गॅस झाला, की एखादी ठिणगीसुद्धा पुरते.

या धोक्याचा राखणदार म्हणजे आपले नाक. पण एक गंमत अशी, की या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाही. तुम्हांला जी सडक्या कोबीसारखी घाण येते, ती कारखान्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या पदार्थाची. गॅसला अशी घाण चढवण्याचा कायदा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाला, तो कशामुळे, हे शिक्षक मंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे.

टेक्सासच्या पूर्व भागात, तेलाच्या विहिरींच्या मुलखात, न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेथली शाळा मोठी आणि सधन होती. थंडीत खोल्या उबदार ठेवण्यासाठी तेथे गॅस जाळत. १९३७ च्या आरंभी खर्च वाचवण्यासाठी शाळेने विकतचा गॅस बंद केला आणि तेलाच्या विहिरींतून निघणाऱ्या टाकाऊ गॅसच्या नळाला आपली जोडणी करून घेतली. हा नैसर्गिक गॅस. आपल्या टाकीतला नव्हे. पण त्यालाही वास नव्हता. कोठेतरी तो गळू लागला आणि इमारतीच्या तळाशी पोकळ जागा होती तीत साठत गेला. कोणाला पत्ता लागला नाही. १८ मार्च १९३७ च्या दुपारी कार्यशाळेतल्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. बटणाची ठिणगी उडाली आणि शाळा कोसळली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक दगावले. त्याच वर्षी टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणे सक्तीचे केले, आणि पुढे ही रीत सगळीकडे गेली. तेव्हा स्वयंपाकघरात ती घाण आली तर नाक मुरडून गप्प बसू नका. त्या मुलांना न मिळालेली सूचना तुम्हांला मिळते आहे.

वास आला तर काय करावे? पहिली गोष्ट, काडी ओढू नका, आणि शेगडी, देवापुढचे निरांजन, उदबत्ती, जे काही पेटलेले असेल ते विझवा. दुसरी, विजेच्या बटणाला हात लावू नका. दिवा लावायचा नाही आणि पंखा चालू असेल तर बंदही करायचा नाही. ठिणगी दोन्ही वेळा उडते. तिसरी, शेगडीची बटणे आणि टाकीवरचा रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या सताड उघडा आणि मुलाबाळांना बाहेर काढा. एवढे करूनही गॅस येत असेल आणि जवळ जाण्यासारखे असेल, तर रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर दोरीला बांधलेले टोपण घट्ट बसवा आणि टाकी मोकळ्या अंगणात न्या. गॅस फार भरला असेल तर टाकीच्या नादी न लागता सरळ बाहेर पडा. मग अंगणातून, घरातून नव्हे, १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठी हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

नाकावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. सर्दी झालेल्याला वास येत नाही, म्हाताऱ्या माणसाला कमी येतो, आणि एकाच वासात बराच वेळ राहिले की चांगले नाकसुद्धा थकते. म्हणून रात्री निजण्यापूर्वी दाराची कडी लावता, तसाच टाकीवरचा रेग्युलेटर बंद करण्याची सवय ठेवा.

आता दुसरा धोका. येथे नाकाचा मुळीच उपयोग नाही. गॅसला जळायला भरपूर हवा मिळाली की ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याचे बूड काळे पडते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. टाकीत मिसळलेली घाण ज्योतीत जळून गेलेली असते. ती आता इशारा देत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे कण असतात, त्यांना हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एस.टी.च्या गाडीत सगळ्या जागा अशा उतारूंनी अडवाव्या, की जे कोणत्याच थांब्यावर उतरत नाहीत, तशातली ही गत. गाडी धावत राहते, पण ज्याला न्यायचे तो स्टँडवरच उभा. माणसाचे डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, आणि पुष्कळदा त्याला वाटते, पित्त झाले असेल. पडून राहतो, तो उठत नाही. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर पित्ताची गोळी शोधू नका. आधी सगळ्यांनी उघड्यावर या आणि मग दवाखाना गाठा.

हा प्रकार आपल्याकडे घडतो तो मुख्यतः न्हाणीघरात. लहानशी मोरी, थंडी म्हणून खिडकी बंद, दाराखाली फडके कोंबलेले, आणि भिंतीवर गॅसचा गीझर पेटलेला. गीझर खोलीतली हवा खातो आणि आंघोळ करणारा तीच हवा घेतो. गॅसचा गीझर न्हाणीघरात नसावाच. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी तेवढे नळाने आत आणावे. आत बसवलेला असेल तर पाणी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडा, आणि मग आंघोळीला बसा. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन निजणे हेही त्याच जातीचे. या धोक्याचे राखणदार दोन : ज्योतीचा रंग पाहणारा डोळा आणि उघडी खिडकी.

तिसरी बाब निगेची. नळी एका दिवसात चिरत नाही, बर्नर एका दिवसात बुजत नाही. हळूहळू होणारी झीज नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. तिला राखणदार म्हणजे वर्षाकाठी नेमलेला एक दिवस. थंड मुलखात घर उबदार ठेवण्यासाठी घराघरांत गॅसची भट्टी असते. तुमच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे अमेरिकेत असतील, तर त्यांना विचारा. हिवाळा लागण्यापूर्वी कारागीर बोलावून तेथे भट्टी तपासून घेतात. बर्नर पाहतात, धुराडे मोकळे आहे का ते पाहतात, आणि विषारी वायूची सूचना देणारी घंटा निजायच्या खोलीजवळ लावतात. आपल्याकडे असा दिवस नव्याने शोधायला नको. दसऱ्याला आपण नांगर, विळे, शिवणाचे यंत्र, ट्रॅक्टर सारे धुऊन-पुसून पूजतो. त्याच दिवशी शेगडीची पाळी ठेवा. दसऱ्यानंतर थंडी येते आणि खिडक्या बंद होऊ लागतात, म्हणूनही तो दिवस योग्य.

त्या दिवशी काय पाहावे? पहिल्याने नळी. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तारीख तिच्यावरच छापलेली असते. तारीख शिल्लक असूनही ती चिरली असेल, उंदराने कुरतडली असेल, तर बदलाच. नळीवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नका. त्याखालची चीर दिसत नाही. मग रेग्युलेटर उघडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा फुगला तर तेथे गळती. पेटती काडी फिरवून गळती शोधणारे शहाणे अजून भेटतात, त्यांना आवरा. शेगडी थंड असताना बर्नर काढून साबणाने धुवा, पुरता वाळवा. पण आतल्या बारीक तोटीत टाचणी खुपसू नका; ते काम एजन्सीच्या मेकॅनिकचे. ज्योत तरीही पिवळी राहिली, तर त्यालाच बोलवा. टाकी उभी असावी, शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. गीझर असेल तर तोही कारागिराला दाखवा.

टाकीचे स्वतःचेही पंचांग असते. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि आकडा लिहिलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, आणि डी म्हणजे वर्षाचे अखेरचे तीन महिने. बी-२८ असेल तर २०२८ च्या जूनपर्यंत ती टाकी पुन्हा तपासायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करा. टाकी घेताना तोंडावरचे सील पाहा, आणि आतली रबरी चकती शाबूत आहे का, तेही आणणाऱ्याकडून पाहून घ्या. त्यात संकोच कसला? बाजारात मडके घेताना आपण वाजवून घेतोच की!

शेवटी शिक्षकांना एक विनंती. पुष्कळ शाळांत मुलांची खिचडी आता गॅसवर शिजते. तेव्हा आधी शाळेची नळी पाहा. मग मुलांना घरचा अभ्यास म्हणून दोनच प्रश्न द्या : तुमच्या शेगडीची ज्योत कोणत्या रंगाची आहे, आणि तुमच्या नळीवर तारीख कोणती आहे? हात लावायचा नाही, मोठ्यांसमवेत नुसते पाहून यायचे. उत्तरे फळ्यावर मांडा. एखाद्या मुलाची नळी दोन वर्षांपूर्वीच संपलेली निघेल. त्या संध्याकाळी ते पोर घरी जाऊन बापाच्या मागे लागेल, आणि नळी बदलल्याशिवाय त्याला स्वस्थ बसू देणार नाही. आईकडून मुलीकडे जी विद्या आली नाही, ती अशी मुलाकडून आईबापांकडे जाऊ द्या.