सनदेचे राज्य आणि मताचा हक्क
(अभ्यासवर्गातील भाषण)



र्‍होड आयलंड हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६३६ साली तेथे प्रॉव्हिडन्स वसविले. माणसाच्या श्रद्धेवर शासनाची सत्ता चालू नये, हे त्याचे तत्त्व. १६६३ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने दिलेल्या सनदेत या तत्त्वाला मान्यता मिळाली. परंतु अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही राज्याचा कारभार १८४३ पर्यंत या राजसनदेवरच चालला. मताचा हक्क मुख्यतः १३४ डॉलर किमतीची जमीन बाळगणाऱ्या पुरुषाला आणि त्याच्या थोरल्या मुलाला होता.

शेतीच्या काळात हे खपून गेले. १७९० साली पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटरने पाण्याच्या बळावर सूतगिरणी चालविली. तिचे पहिले मजूर लहान मुले होती. १८२४ मध्ये मालकांनी मजुरी घटवून कामाचे तास वाढविले, तेव्हा तेथील विणकर स्त्रियांनी संप पुकारला. गिरण्यांबरोबर भूमिहीन कामगार वाढले आणि निम्म्याहून अधिक प्रौढ पुरुष मतापासून वंचित राहिले. सेथ ल्यूथर या सुताराने १८३३ मध्ये या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला.

१८४१ साली थॉमस विल्सन डॉर या वकिलाच्या नेतृत्वाखाली लोकांनी स्वतःच परिषद भरवून नवी घटना तयार केली आणि प्रचंड बहुमताने ती संमत केली. १८४२ च्या वसंतात एका राज्यात दोन गव्हर्नर झाले. मे महिन्यात डॉर यांचे अनुयायी शस्त्रागारावर चालून गेले; त्यांच्या तोफा उडाल्याच नाहीत. पुढे डॉर यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप झाली. १८४५ मध्ये ते सुटले.

पराभवाचे खापर केवळ तोफांवर फोडता येणार नाही. लोकांच्या या घटनेनेही मताधिकार गोऱ्यांपुरताच ठेवला होता. डॉर यांचा त्याला विरोध होता. फ्रेडरिक डग्लस यांनी राज्यात फिरून त्याविरुद्ध प्रचार केला. परिषदेने ऐकले नाही. परिणामी प्रॉव्हिडन्समधील कृष्णवर्णीय पुरुष सरकारच्या बाजूने उभे राहिले.

सत्ताधाऱ्यांनी ही फूट अचूक हेरली. १८४३ पासून अमलात आलेल्या त्यांच्या घटनेने कृष्णवर्णीय पुरुषांना मत दिले, परंतु परदेशात जन्मलेल्या नागरिकांवर जमिनीची अट कायम ठेवली. आयर्लंडहून आलेला गिरणी कामगार त्यामुळे बाहेरच राहिला. ती अट १८८८ मध्ये उठली. स्त्रियांचा विचार तर दोन्ही पक्षांनी केला नव्हता. १८२४ चा संप मात्र स्त्रियांनीच उभारला होता.

हक्काची लढाई लढणारे स्वतःच दाराशी कोणाला अडवतात, तेव्हा त्या दाराची किल्ली मालकाच्याच हाती राहते. या चिमुकल्या राज्याचा इतिहास कष्टकऱ्यांच्या प्रत्येक चळवळीला हेच बजावतो.