बातमीतली जागा, बातमीतला माणूस

श्रोतेहो, पेपरात आपल्या गावाचं नाव दिसलं की आपण ती बातमी आधी वाचतो. दिल्लीच्या बातमीतली चूक आपल्याला उमगत नाही. शेजारच्या वाडीची मात्र लगेच कळते, आणि तिचा त्रासही आपल्यालाच होतो.

३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्याला एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ‘भुशी धरणात बुडाले’ अशीच ती बातमी पुष्कळांच्या लक्षात राहिली. ती माणसे उभी होती धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात. वरून एकाएकी लोंढा आला आणि त्यांना खाली जलाशयाकडे घेऊन गेला. कोणी म्हणेल, हा नुसता शब्दांचा कीस आहे. तसे नाही. ‘धरणात’ एवढेच वाचणारा माणूस धरणापासून दूर राहील, आणि वरच्या ओढ्यात मुलाबाळांसह निर्धास्त उभा राहील. ज्या जागेपासून सावध करायचे, नेमकी तीच बातमीतून गळते.

दुसरी गोष्ट आकड्याची. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळला. त्या संध्याकाळी मृतांचे निरनिराळे आकडे ऐकू येत होते. अखेर चार जण दगावल्याचे स्पष्ट झाले. घाईत आकडा चुकतो, हे समजू शकते. पण तो कोणी सांगितला आणि किती वाजता, हे लिहायला एक ओळ पुरते. ज्याच्या घरचं माणूस त्या दिवशी तिकडे गेलं होतं, त्याला त्या ओळीचं मोल विचारा.

आणि भाषा? ‘सरपंचांनी ग्रामसेवकांना सांगितले की त्यांनी पैसे भरले नाहीत.’ कोणी भरले नाहीत? ‘त्यांनी’ या एका शब्दापायी भलत्याच माणसाची गावात नाचक्की होते. बातमीदाराने घाईत लिहिले असेल. पण उपसंपादकाची लाल पेन्सिल कशासाठी असते?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आठवड्यातून एक तास मुलांपुढे तालुक्याची एक बातमी ठेवा. ‘मावळात जोरदार पाऊस’ अशी असली तर विचारा : कुठल्या मावळात? अंदर, नाणे की पवन? लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वडगावचा पाऊस नव्हे. मोजला कोणी, किती मिलिमीटर?

आणि मंडळी, चूक दिसली तर पारावर हसून सोडून देऊ नका. तारीख, पान आणि खरी हकीकत लिहून संपादकांना चार ओळी धाडा. गावची माहिती गावाइतकी दुसऱ्या कोणाला असणार?