संसार मोडताना मुलाचे काय?
(लोणावळा येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



विवाह हा संस्कार आहे, ही आपली धारणा. ती मान्य करूनच मी बोलणार आहे. परंतु परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली आणि आज तिचा आधार घेणारी दांपत्ये आपल्याच नात्यागोत्यातली असतात. तेव्हा डोळे मिटून चालणार नाही.

मावळात पहिली पायरी असते ती बैठकीची. मामा, काका, दोन्ही गावचे जाणते जमतात. हेतू चांगलाच असतो. पण तासाभरात बोलणे मानपान, दागिने आणि लग्नखर्चावर येते. मुलाचा विषय निघतो शेवटी, तोही ‘कोणाकडे राहणार?’ एवढाच. दरम्यान एक पक्ष मुलाला आजोळी धाडतो, दुसरा शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरतो. १८९० च्या पालकत्व कायद्यानुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात ताब्याचा अर्ज चालतो; त्यामुळे ही पळवापळवी कधी कधी जाणूनबुजूनही होते. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांत होते, हे विशेष!

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. मात्र कोणाच्याही हक्कापेक्षा मुलाचे हित श्रेष्ठ मानले आहे. जिजाबाई गजरे यांच्या प्रकरणात वाद होता शेतजमिनीचा. वडील हयात होते, पण वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहून मुलीची कसलीही काळजी घेत नव्हते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले. १९९९ च्या गीता हरिहरन निकालाने ही भूमिका अधिक दृढ झाली.

न्यायालयीन मध्यस्थी आणि आपली बैठक यांत मोठे अंतर आहे. मध्यस्थ निवाडा देत नाही, कोण चुकले हे ठरवत नाही. त्याच्यासमोरचे बोलणे गुप्त राहते. तडजोड न झाल्यास खटला पुढे चालतो. तेथे प्रश्न बारीक निघतात. आई लोणावळ्यात, वडील चिंचवडला. मग रविवारी लोकलने मुलाला कोण नेणार, कोण आणणार? गणपती कोणाकडे? दिवाळीची सुट्टी कशी वाटायची? एकवीरेच्या यात्रेला आजी-आजोबांबरोबर जाता येईल का? शाळेचे शुल्क कोण, कोणत्या तारखेला भरणार? ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ ही अट मात्र कोणीही घालू नये. खर्च आणि भेट दोन्ही मुलाचेच आहेत. ताब्याचा आदेशही कायमचा नसतो, परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो.

संमतीच्या घटस्फोटात सहा महिन्यांची प्रतीक्षा असते. समेटाची शक्यताच उरली नसेल आणि पोटगी व मुलाचा ताबा यांविषयी खरी तडजोड झाली असेल, तर न्यायालय ती माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले.

जेथे मारहाण आहे तेथे ‘जमवून घ्या’ म्हणणे हा अन्याय होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तात्पुरता ताबाही मिळतो. स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. बैठकीचे बोलावणे आले तर अवश्य जा. पण दागिन्यांची यादी निघण्यापूर्वी मुलाची शाळा, त्याचा दाखला आणि येत्या रविवारची भेट हे तीन विषय कागदावर घ्यायला लावा.