भरतीला उशीर का होतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा गणित आणि शास्त्र यांवर मी बोलायचे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण माझ्या हातून झालेली एक चूक आज तुमच्यापुढे कबूल करावयाची आहे.

मागे एका पौर्णिमेला आम्ही वाशीच्या खाडीवर गेलो होतो. भरदुपारी पाणी काठोकाठ भरले होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलो, तर पाणी अजून चढतच होते. धाकटीने विचारले, “आई, आज भरतीला उशीर का गं?” मला उत्तर येईना. तसे सांगायची लाज वाटली, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. पोर गप्प झाली. पुढे अपूर्णांकाचे गणित अडले तरी विचारीना. वही मिटून बसे. तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवले.

शेवटी मी दारावर येणाऱ्या कोळीणमावशींना विचारले. त्या म्हणाल्या, पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास. एरवी तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ, पण रोज पाऊण तास उशीर हे कळले. माझ्या आईला पाठ असलेली पाऊणकी अशी कामी आली!

पण असे का, ते शेजारच्या निवृत्त मास्तरांनी घड्याळ दाखवून सांगितले. बारा वाजता दोन्ही काटे एकत्र असतात. मोठा काटा फेरा पुरा करून येतो, तोवर छोटा एकावर सरकलेला असतो. त्याला गाठायला मोठ्याला आणखी पाच मिनिटांहून थोडे अधिक लागतात. तसेच हे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरून येते, तोवर चंद्र आपल्या वाटेवर पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला तिला रोज सुमारे 50 मिनिटे जादा लागतात.

मी धाकटीला जवळ घेऊन म्हटले, “बाळ, त्या दिवशी मला येत नव्हते. आता दोघी मिळून बघू.” ती घड्याळाशी तासभर खेळली; आणि रात्री वही घेऊन आपणहून माझ्याजवळ आली.

डॉ. जयंत नारळीकर 2025 साली आपल्यातून गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ. पण मुले सही मागू लागली, की ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर धाडीत. त्यांना मुलांचा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. मग आपण का खेकसावे?

भगिनींनो, उत्तर न येणे हा कमीपणा नव्हे. “मला माहीत नाही, चल विचारू,” एवढे म्हणायला सातवीही पुरते. आपल्या मंडळात एक प्रश्नवही ठेवावी, ज्याला जे येते त्याने ते लिहावे, अशी माझी विनंती आहे. पहिला प्रश्न माझी धाकटी लिहील.