आकडा आणि घड्याळ



मजुरीचा दर मांडला गेला, की आम्ही संघटनेची माणसे आधी विचारतो : किती वेळाच्या कामाचा? बुद्धिबळाच्या रेटिंगलाही हेच विचारावे. संगणकावर ३ मिनिटांच्या डावाचे रेटिंग निराळे, १० मिनिटांच्या डावाचे निराळे. कारण हा आकडा त्याच प्रकारच्या डावांतील प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या लढतींवरून निघतो. एकीकडे नजर व हात चपळ लागतात, दुसरीकडे हिशेबाला सवड मिळते. जागतिक संघटना ‘फिडे’ही तीन स्वतंत्र रेटिंगे ठेवते.

२०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांचे अंतिम फेरीतले दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. जलद डावांत दिव्या जिंकल्या. खेळाडू त्याच, घड्याळ बदलले, निकाल लागला.

म्हणून अंकुशनगरच्या मुलांनो, झटपट डावाच्या आकड्यावरून कोणालाही तुमची बुद्धी मोजू देऊ नका.