केमो चालू आहे, मग आजीने उठायचं की नाही?

आज कोडिंग नाही, आज खुर्ची. माझ्या ७३ वर्षांच्या आजीची केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला सांगतो, "तुम्ही अजिबात उठू नका हं, पोरं सगळं हातात देतील." सांगतात प्रेमाने, पण सल्ला चुकीचा आहे.

२००७ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस पलंगावरच ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतलं जवळपास एक किलो वजन गेलं, चरबीचं नाही, मुख्यतः स्नायूंचं. आणि हे लोक आजारी नव्हते! इथे तर केमो, तोंडाला चव नाही, जेवण अर्धं. मांड्यांतली ताकद गेली की एकटीने संडासला जाणं बंद होतं. आजीला केस गेल्याचं फारसं काही वाटलं नाही, भीती वाटते ती याची.

म्हणून डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टने आम्हाला अगदी साधं आखून दिलं. हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवायची. उठायचं, एक श्वास, बसायचं. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. जेवणानंतर घरातच दोन फेऱ्या, मागे पट्टा असलेली चप्पल घालून. काही केमोच्या औषधांनी तळपाय बधिर होतात, साधी चप्पल कधी निसटली ते कळतच नाही. केमोनंतरचे दोन-तीन दिवस पलंगाच्या कडेला बसून नुसते पाय सरळ केले तरी चालतं.

स्टेप्स मोजणारं घड्याळ तिने परत केलं. "काढ रे हे, हाताला सुयांना जागा उरली नाही, त्यात हे कुठे?" आता ती कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारते. तिसऱ्या केमोनंतर पाचाच्या तीन झाल्या होत्या. मग पुन्हा पाच. या आठवड्यात सात. माझ्या ऑफिसच्या कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा मला ते पान आवडतं.

आता महत्त्वाचं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर व्यायाम राहू दे, लगेच हॉस्पिटलला फोन. पांढऱ्या पेशी कमी असताना तापात सकाळपर्यंत थांबायचं नसतं. छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी धाप, तरीही तसंच. प्लेटलेट्स कमी असतील किंवा कॅन्सर हाडात गेला असेल, तर काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील.

ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो, हा विषय आपोआप निघत नाही. तेव्हा घरी कुणाची केमो चालू असेल तर पुढच्या वेळी फाईलवर आधीच लिहून न्या: "यांनी दिवसातून किती वेळा उठायचं?"